आबांच्या धोतराचे तुकडे

सोपानआबा गेल्याचा फोन मला सकाळी आठ वाजून गेल्यावर आला, आणि ते गेले होते पहाटे पाचच्या आत. फोन दत्ताचा होता. दत्ता म्हणजे आबांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्या जागी फिल्टरवर काम करणारा माणूस. (पाणी शुद्ध करायच्या केंद्राला आमच्याकडं सगळे फिल्टरच म्हणतात.) मी लोणी देवकरला आमच्या कंपनीच्या गेटात उभी होते, खांद्याला पर्स, हातात डबा. "मॅडम, आबा गेलं," दत्ता म्हणाला. निरोप त्याला साडेपाचलाच मिळाला होता हे कळल्यावर मला दुःखाच्या आधी रागच आला. "अरे, मग इतका वेळ काय करत होतास? मला आत्ता सांगतोस होय?" तो म्हणाला, "पानी सोडायचं हुतं की, मॅडम. फोनाफोनी करत बसलो असतो न् पान्याला उशीर झाला असता, तर आबांनी तिरडीवरनं उठून शिव्या घातल्या असत्या." मी तिथंच गेटात, वॉचमनसमोर, रडता रडता हसले. वॉचमनला वाटलं असणार, मॅडमचं काही खरं नाही.

त्याला आता सव्वा महिना झाला. आबा माझ्या नात्यातले नव्हते. ते गावाच्या फिल्टरवरचे ऑपरेटर, आणि मी त्या फिल्टरवर बसवलेल्या मशीनची इंजिनिअर. मी सणसरची, उसाच्या रानात वाढलेली, त्यांचं घर जवळच लासुर्ण्याच्या शिवारात, एवढीच काय ती सोयरीक. ज्या गावाला आम्ही दोघं पाणी पाजत होतो त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यातलं, म्हटलं तर शहर, म्हटलं तर मोठं खेडं, एवढं पुरे. नाव छापून आलं की आमच्याकडं कुणीतरी लगेच अर्ज लिहायला बसतं.

आबांची नोकरी खरं तर संपली होती. पण कुठला वॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. पांढरं धोतर, वर खाकी शर्ट, आणि नाक... नाकाबद्दल सांगायलाच हवं. टाकीवर वाकून नुसता वास घेऊन टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, कमी पडली की जास्त झाली, हे ते सांगत. मी मग परीक्षानळीत थेंब टाकून पिवळा रंग बघायची, आणि दर वेळी नळी आबांचंच बरोबर म्हणायची. आणि अशा माणसाच्या फिल्टरवर मी एक दिवस टेम्पोतून एक स्टीलची पेटी उतरवली आणि म्हणाले, आता टीसीएल अगदी थोडी लागेल, बाकीचं काम उजेड करेल.

त्या पेटीत तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी दिवे आहेत. त्यांचा खरा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, नुसती निळसर झाक दिसते. दिव्यांपुढं क्वार्ट्झची काच आणि काचेपलीकडून पाणी वाहतं. हा अतिनील उजेड जंतूंवर पडला की त्यांची पुढची वाढ थांबते. मी हे सगळं पहिल्या दिवशी आबांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. जंतू तिथल्या तिथं मरतोच असं नाही आबा, पण त्याची पिल्लावळ होत नाही, आणि एकाचे हजार झाले नाहीत की तो माणसाचं काही वाकडं करू शकत नाही. आबांनी शांतपणे ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढेला धरली आणि म्हणाले, "म्हंजी नसबंदीच की, बाई!" दत्ता हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पुढं कितीतरी दिवस माझ्या मशीनला तिथं 'आपरेशनची पेटी' म्हणत. मी चिडायची. आता वाटतं, कॉलेजात चार वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला आबा त्या पेटीला अक्षरशः पाण्यात पाहत. कारणही तसंच होतं. सहा महिन्यांची चाचणी होती. ती पार पडली तर मशीन गावात राहणार, नाही तर टेम्पोत घालून परत. आणि परत आलं तर कंपनी हे कामच बंद करणार, असं मला साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. ते माझ्या हातचं पहिलं मशीन. घरात मी सगळ्यांशी भांडून ही नोकरी धरली होती. म्हणून मी दिवसातून दहादा त्या पेटीभोवती फिरायची, आणि आबा लांबून बघायचे. "बाळंतिणीवानी काय करताय तिच्याभवती?" म्हणायचे.

त्यांचा एक रिवाज होता. रोज सकाळी गावाला पाणी सोडायच्या आधी टाकीच्या तोटीतून एक काचेचा पेला भरायचे, उजेडाकडं धरून बघायचे, वास घ्यायचे आणि सगळा पेला पिऊन टाकायचे. मग कट्ट्यावर बसायचे. अर्धा तास. कुणी काही बोललं तरी हलायचे नाहीत. अर्धा तास झाला की उठून मुख्य वॉल्व्ह फिरवायचे. मी नवी, अंगात शिक्षणाची रग. एकदा म्हणाले, "आबा, जंतू काय अर्ध्या तासात आजारी पाडतात का? तुम्ही हे उगीचच करता." ते म्हणाले, "सैपाक करनारीनं मीठ चाखल्याबिगर ताट वाढू न्हाय, बाई." आणि मग माझ्या पिशवीकडं बोट केलं. "बरं, तुमी ती बाटली कशाला आनता?" मी रोज कंपनीतल्या जारचं पाणी बाटलीत भरून न्यायची. कधी लक्षातच आलं नव्हतं. "पानी आमचं, मशीन तुमचं, अन् तुमीच बाटली?" मी म्हणाले, सवय आहे. बाटली मात्र दुसऱ्या दिवशीही नेली...

त्या सहा महिन्यांत मी जे शिकले त्याला तोड नाही. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पहिल्या दिवशी पाणी चहासारखं येतं. असल्या पाण्यातून माझा उजेड पलीकडं पोचणार नाही हे मला पुस्तकानं सांगितलं होतं. पण तुरटी किती, कधी आणि किती सावकाश ढवळायची, हे आबांनी दाखवलं. मी म्हणायची, आता ती थोडी टीसीएलही बंद करू, तर ते म्हणायचे, "तुमचा उजेड हितल्या हितं. पुढं कोसभर पाइप हाय, तितं कोन राखन करनार? चिमूटभर राहू द्या." बरोबर तेच होतं. उजेड पाण्यासोबत पाइपात जात नाही. आणि एकदा दुपारी लाइट सारखी जात-येत होती, तेव्हा आलेल्या क्षणी पेटी पुन्हा पूर्ण ताकदीनं चालू झाली, ट्यूबलाइटसारखी चाचरत बसली नाही, हे आबांनी तीनदा पाहिलं. तोंडानं काही म्हणाले नाहीत. पण जाताना पेटीवर हात फिरवून गेले, गाभण गाईवर फिरवतात तसा. मी बघितलं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, ट्रॅक्टर, पान्हे, सगळ्यांची पूजा होते, फिल्टरवरही होते. दत्तानं पान्हे, चाव्या, पंपाचे सुटे भाग घासून पाटावर मांडले. मी काच स्वच्छ करायला त्याच दिवशी काढली होती, कारण आमचं पाणी जड, काचेवर पांढरा थर धरतो. काचेलाही पाटावर ठेवलं. सगळे म्हणाले, मॅडमच्या हातानं पूजा होऊ द्या. मी काही देवभोळी नाही, पण खरं सांगते, त्या दिवशी फार भरून आलं. आपलं मशीन इतर हत्यारांच्या रांगेत बसलंय, गावानं त्याला आपलं म्हटलंय... मी बोटं भरून हळद-कुंकू लावलं, पान्ह्यांना लावलं तसं काचेलाही लावलं, निरांजन ओवाळलं. संध्याकाळी काच पुसली, पेटीत बसवली आणि सणसरला घरी गेले.

दसऱ्याला सकाळी साडेपाचला फिल्टरवर आले तर पेटीवरचा लाल दिवा पेटलेला आणि भोंगा बोंबलत होता. उजेड कमी पडतोय, पाणी सोडू नका, असा त्याचा अर्थ. मी झाकण उघडून पाहिलं. एलईडी सगळे चालू. काच लख्ख. म्हणजे नक्कीच उजेड मोजणारा सेन्सर बिघडला. साहेबांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "अलार्म बंद कर आणि सोड पाणी. सणाच्या दिवशी मशीन बंद पडलं अशी बोंब झाली तर चाचणी गेली म्हणून समज." आणि गावात दसरा! अंघोळी, पुरणपोळ्या, दारापुढं सडे. फाटकाशी चार-पाच लोक आलेच होते. एका पुढाऱ्याचा फोन दत्ताला येऊन गेला होता. मी आबांना म्हणाले, "आबा, अलार्म खोटा आहे. मी लिहून देते. सोडा पाणी."

आबा पेटीपुढं उकिडवे बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सा म्हयने तुमी मला सांगताय, ह्या पेटीवर भरवसा ठेवा. ठिवला. आता ती म्हनती सोडू नगा, तर तुमीच म्हनताय खोटं बोलती. मी कुनाचं ऐकू?"

मला इतका राग आला त्यांचा! मी काहीतरी बोलून गेले, तुम्हाला हे मशीन जावंच असं वाटतंय, असं काहीसं. ते उठले, दत्ताला टाकीत टीसीएल पूर्वीसारखी पूर्ण टाकायला लावली, तोटीखाली पेला भरला, प्याले, तोंड वाकडं केलं आणि कट्ट्यावर बसले. फाटकाशी आता गर्दी वाढली होती. कुणीतरी ओरडलं, "आबा, सोडा की पानी! दसरा हाय आज!" आबा तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "पानी प्यालोय. बघू द्या मला काय हुतंय." आणि आश्चर्य म्हणजे सगळे गप्प झाले. एक म्हातारी तर म्हणाली, "बसू द्या रं त्यास्नी, जीव धोक्यात घालतोय बिचारा."

मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. टीसीएलला पाण्यात काम करायला अर्धा तास लागतो. ते मलाही ठाऊक होतं, पुस्तकातलं. पण तो अर्धा तास या पेल्यात दडलेला आहे हे मला कधी कळलं नव्हतं. "घड्याळ बघून थांबलो तर कुनीबी येतो अन् म्हनतो सोडा. सायेब म्हनतो, पुढारी म्हनतो. पर मानूस सोताचा जीव लावून बसलाय म्हटल्यावर कोन बोलनार?" ही युक्ती त्यांना कुठून सुचली, तेही त्याच दिवशी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, ते नवे असताना, बैलपोळ्याच्या सकाळी कालव्याचं नवं पाणी आलेलं. सण म्हणून लोक घाई करत होते. पावडर टाकली आणि लगेच पाणी सोडलं. चार दिवसांत एक गल्ली दवाखान्यात. त्यातली एक म्हातारी गेली. ती आबांना रोज फाटकावर चहा आणून द्यायची. "कुनी मला एक सबूद बोललं न्हाय, पोरी. कुनाला कळलंच न्हाय. मला एकट्याला ठावं." तोपर्यंत मी 'बाई' होते. त्या सकाळपासून 'पोरी' झाले.

अर्ध्या तासानं आबांनी वॉल्व्ह फिरवला. औषधाच्या उग्र वासाचं पाणी गावात गेलं आणि गावानं नाकं मुरडत सण केला. मग आम्ही पेटी खोलली. मी काच उजेडाकडं धरली. आरपार स्वच्छ, डागसुद्धा नाही. आबांनी काचेवरून अंगठा ओढला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडं बघत राहिले. "काल पुसलीस कशानं?" मी म्हणाले, पाटावरच्या कापडानं. "निरांजन ज्यानं पुसलं त्यानं?"

तेल आणि हळद. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर. साध्या उजेडाला त्याची अडचण नाही, पण माझा अतिनील उजेड त्यानं तिथंच अडवला. काचेला उघड्या बोटाचा डागसुद्धा लावायचा नाही, हे दत्ताला मी शंभरदा बजावलेलं, आणि मीच तिला हळद-कुंकू लावलं होतं. सेन्सर खरं सांगत होता. मी माझ्याच मशीनला खोटं ठरवून सगळ्या गावाला ते पाणी पाजायला निघाले होते. मी तिथं जमिनीवर बसून ढसाढसा रडले. आबांनी रडू दिलं. मग उठून दोरीवर वाळत घातलेलं आपलं जुनं धोतर काढलं आणि टर्रकन फाडलं. अंगावर दसऱ्याचं नवं होतं. नवं जास्त स्वच्छ असेल, असं मी म्हटलं तर म्हणाले, "नव्याला खळ असती. जुनंच बरं. ह्याला साबनबी न्हाय अन् तेलबी न्हाय, नुसतं फिल्टरचं पानी." काच तीनदा धुऊन त्या तुकड्यानं पुसली. पेटी बंद केली, बटण दाबलं. लाल दिवा गेला. आबांनी पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. मी प्याले. बाटलीची पिशवी त्या दिवसापासून घरीच राहिली.

चाचणी तपासणारे साहेब दिवाळीनंतर आले. मी अहवालात सगळं खरं लिहिलं होतं, हळदीसकट. त्यांनी ते वाचलं आणि आबांना विचारलं, म्हणजे सणाच्या दिवशी मशीन फेल गेलं ना? आबा हात बांधून उभे होते. म्हणाले, "सायेब, मशीन फेल न्हाय गेलं. तेनं खरं सांगितलं, तेबी आमाला नको असताना. इतक्या वर्षांत आमच्या फिल्टरवर सणाला 'थांबा' म्हननारं एकच हुतं, मी. आता दोन झालं. मी काय जलमभर पुरनार हाय व्हय?" साहेब हसले. मशीन राहिलं. माझी नोकरी राहिली. पुढं आमच्या पेट्या आणखी गावांना गेल्या. पण हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही. आभार मानायला गेलं की ते तंबाखू मळायला लागायचे.

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी दत्ताच्या हाती एक पुडकं यायचं. जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे, कडा दुमडून शिवलेल्या. शिवण काकूंची, म्हणजे आबांच्या पत्नीची. कंपनीत काच पुसायचं पाकीटबंद कापड असतं, पण शेवटचा हात मी आबांच्या तुकड्यानंच फिरवायची. आधी कंपनीतले साहेब हसायचे. नंतर हसायचे थांबले.

शेवटची भेट लासुर्ण्याला, घरी. छातीत कफ, बोलताना धाप. बाजेवर बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "काच?" मी म्हणाले, स्वच्छ आहे, आबा. मान हलवली. मी आणलेली मोसंबी नातीला देऊन टाकली आणि डोळे मिटले. त्यांना झोप लागल्यावर मी उठले.

तेराव्याला गेले तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, जायच्या आदल्या सांजेला कुणीतरी काशीहून आणलेला गंगेचा गडू फोडला, चमचाभर तोंडाशी नेला, तर यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "कवाचं बंद पानी ते! शेवटी दत्ता फिल्टरचं घिऊन आला, ते घेतलं बघ." सांगताना त्या हसत होत्या आणि पदर डोळ्याला लावत होत्या. मग पत्र्याच्या ट्रंकेतून एक मोठं गाठोडं काढलं. आमच्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे कुणा गरजूला देतात. "सदरं दिलं समदं. धोतरं न्हाय दिली. सांगून ठिवलंया त्यांनी, धोतरं फॅक्टरीत जातील म्हनून." सगळी फाडून, शिवून, धुऊन, घड्या घालून ठेवलेली. बिनसाबणाची.

आज सकाळी एका नव्या गावाला पेटी निघाली. त्यांचं पाणीही कालव्याचंच. मी गाठोड्यातला एक तुकडा काढला आणि काचेला लावायच्या आधी नाकाशी नेला. हळद नाही, तेल नाही, साबण नाही. काच पुसली, पेटी चाचणीच्या पाइपाला जोडून चालू केली, तोटीखाली पेला धरला, उजेडाकडं धरून बघितला आणि पिऊन टाकला. उजेडाला काम करायला दोन सेकंदही लागत नाहीत, हे मी लोकांना रोज सांगते. तरी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, मग खिडकीतून मान काढली. "मॅडम, पोचायला उशीर होतोय. सोडू का गाडी?"

"थांबा जरा," मी म्हणाले. "पानी प्यालेय. बघू द्या मला काय हुतंय."